मी वाचलेलं तुमचं नाव

बाबूजी, आपल्या चर्चच्या मंडळीची स्मरणिका निघणार आहे आणि तिच्यात तुमच्यावर एक पान मी लिहून द्यायचं आहे. हसू नका. नवे पास्टरसाहेब लांबून आलेत, तरुण आहेत, जुन्या कुटुंबांबद्दल त्यांना भारी उत्सुकता आहे. त्यांनी सगळ्यांना एक छापील कागद दिला आहे. वर नाव, खाली बाप्तिस्मा कधी झाला, मग 'मंडळीतील सेवा' आणि शेवटी 'विश्वासाची साक्ष'. सेवेपुढं चार ओळी मोकळ्या सोडल्या आहेत. चार दिवस झाले, दुपारची भांडी आवरली की मी टेबलाशी बसते, 'माझे वडील चोरखमाऱ्याच्या कालव्यावर पाटकरी होते' एवढं लिहिते आणि पेन खाली ठेवते. पुढचं जे सुचतं ते त्या कागदावर मावणारं नाही आणि त्या लोकांना सांगण्यासारखंही नाही. तेव्हा म्हटलं, आधी तुम्हालाच लिहावं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. इतक्या वर्षांत मी तुमच्याशी एकदाही बोलले नाही, मनातल्या मनातसुद्धा नाही. लोक सांगतात की त्यांचे वडील त्यांच्या स्वप्नात येतात. तुम्ही माझ्या आला नाहीत, आणि खरं सांगायचं तर मला त्याचं बरंच वाटत आलं आहे.

लहानपणचा रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. पहाटेच तुम्ही पितळेच्या तांब्यात चुलीतले निखारे घालून सदऱ्याला इस्त्री करता आहात. माय कपाळाला आठ्या घालून म्हणते आहे, "जळन तो सदरा, मंग जाजा उघडेच." मग सायकलच्या दांडीवर मी, मागं माय, असे आपण तिरोड्याच्या स्टेशनात जातो आणि गोंदियाची पॅसेंजर धरतो. चर्चमध्ये तेव्हा सगळं हिंदीत, कारण गोंदियाचं सगळंच हिंदीत. पुढच्या बाकांवर रेल्वेतली, शाळेतली, दवाखान्यातली कुटुंबं बसायची. आपण मागं. माझे आजोबा मिशनच्या दवाखान्यातून दुखणं बरं करून परतले ते ख्रिस्ती होऊनच परतले, आणि बाकीचे सगळे सोयरे रानाकडच्या गावांत आपापल्या देवांपाशी राहिले, ही गोष्ट पुढच्या बाकांना ठाऊक होती. तुम्ही हिंदी गीत आपल्या उच्चारांत, बेसूर, पण अगदी छातीतून म्हणायचात. पुढच्या बायका मान वळवून बघायच्या. मला तेव्हा तुमची लाज वाटायची. ती लाज पुढं कधी गेली असं मला म्हणता येत नाही, ती फक्त मोठ्या माणसाची झाली.

लग्न होऊन मी गोंदियाला आले, शाळेत लागले, पुढच्या बाकांकडे सरकत गेले. नव्याण्णव साली मंडळीनं मला सेक्रेटरी केलं. बाईमाणूस सेक्रेटरी होण्याची ती पहिलीच वेळ. ही बातमी सांगायला मी तुमच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा माय तलावातली मासळी तळत होती आणि तुम्ही दाराशी बसून पायांचा चिखल काढत होता. सेक्रेटरीचं काम काय असतं, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, मुख्य काम हजेरीचं. कोण उपासनेला आलं, कोणी प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेतला, त्याची वही. तुम्ही खूश झालात. तुमच्याकडंही वही होती ना, कालव्याच्या पाण्याची, रोज सकाळ-संध्याकाळ पट्टीवर पाणी किती ते लिहायची. "बराबर राखजो," तुम्ही म्हणालात, "जेवढं पानी दिसते तेवढंच लिहाचं. सायबाले खूश कराले एक बोट जास्त नाई अन् कोनाच्या धाकानं एक बोट कमी नाई." मायनं तव्यावरून मान न उचलता म्हटलं, "हे पोरगी बापाचीच हाय, वही भेटली का जेवन नाई लागत." तिघंही हसलो. मी ते वाक्य गाठीला बांधून घेतलं, आणि पुढं ज्या कामाला वापरलं ते तुमच्या ध्यानीमनीही नव्हतं.

जुन्या सेक्रेटरींनी मला हजेरीची एक युक्ती शिकवली होती. पास्टर मोठी प्रार्थना करतात तेव्हा सगळे डोळे मिटून, माना घालून बसलेले असतात, कोणी इकडून तिकडं होत नाही. तेव्हा वही उघडायची आणि बाक बाक बघत खुणा करायच्या. त्यामुळं बाबूजी, सेक्रेटरी झाल्या दिवसापासून मोठ्या प्रार्थनेत माझे डोळे उघडे आहेत. सगळी मंडळी देवापाशी असते तेव्हा मी मंडळीपाशी असते. सुरुवातीला चुकल्यासारखं वाटायचं, मग सवय झाली, मग त्यातच मजा वाटू लागली. कोण झोपलं आहे, कोण आज तिसऱ्या रविवारीही नाही, हे मला ठाऊक असायचं. त्या दिवसांत कोणी मला विचारलं असतं की तुझा विश्वास कसा आहे, तर मी वही दाखवली असती.

त्याच साली ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी तुम्ही दोघं प्रभुभोजनाला आला होतात. आपल्याकडं प्रभुभोजन वर्षातून चारदा, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. पाऊस आधीच गेला होता आणि धान निसवत होता, लोंब बाहेर पडायचे दिवस. कालव्याच्या टोकाकडच्या गावांची पाण्याची पाळी शनिवारी संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी सकाळी संपायची. तुम्ही गेट उघडं ठेवून, वरच्या गावांकडची तोंडं बंद करून, शनिवारी रात्रीच निघाला होतात. तुम्ही नाहीत हे वरच्या गावांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनी रविवारभर आपली तोंडं उघडून पाणी आपल्या धानाच्या बांध्यांत घेतलं, टोकापर्यंत थेंब पोचला नाही, आणि पुढची पाळी येईपर्यंत तिथला धान उभ्या उभ्या गेला.

हे मला नंतर मायनं सांगितलं. टोकावरची एक म्हातारी, एकटीच होती, दोन बांध्या तिच्या, ती एका सकाळी चालत तुमच्या दाराशी आली. हातात धानाच्या लोंबांची जुडी. वरून चांगली दिसणारी, दाबली तर आत काही नाही. ती जुडी तिनं तुमच्या हातात दिली. "पाटकरीबाबू, तुमी देवाकडं गेले अन् आमचं पानी वरच्याईनं घेतलं," एवढंच बोलली आणि चहालासुद्धा न थांबता परत गेली. शिव्या दिल्या असत्या तर तुम्हाला सोपं गेलं असतं. माय म्हणाली की तुम्ही ती जुडी स्वयंपाकघरातल्या फळीवर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलीत आणि त्या दिवशी जेवला नाहीत.

मी आले ती नाताळच्या सुट्टीत. तोवर तुम्ही ठरवून टाकलं होतं. पाणी चालू असेल त्या रविवारी कालवा सोडायचा नाही. मी चुलीजवळ पाटावर बसले आहे, तुम्ही भिंतीला टेकून. मी हिशेबच मांडला तुमच्यापुढं. जुलैत रोवणीचं पाणी, ऑक्टोबरात निसवण्याचं, जानेवारीत उन्हाळी धानाचं, एप्रिलमध्ये त्याच धानाचं शेवटचं. म्हणजे चारही प्रभुभोजनं गेली. मी म्हटलं, "बाबूजी, वर्षभर प्रभुभोजन चुकलं तर यादीतून नाव कमी होतं. नियम आहे." तुम्ही म्हणालात, "मे-जूनमंदी येईन ना. तवा पानी बंद राहते." "मे-जूनमध्ये प्रभुभोजन नसतं." "मंग तुमच्या पास्टरले सांगा, मे मंदी ठेवाले." माय हसली. मला राग आला. मी तोंड सोडलं. देवासाठी तीन महिन्यांतून दोन तास काढता येत नाहीत का, लोक काय म्हणतील, सेक्रेटरीचे वडीलच येत नाहीत तर मी दुसऱ्यांना कोणत्या तोंडानं विचारू. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. मग उठलात. "दोन तासात काय होते ते पाहून आली का तू टोकावर? चाल, दाखवतो."

आपण कालव्याच्या मातीच्या पाळीवरून चालत गेलो, तासभर तरी. तुम्ही पुढं, मी मागं, नव्या चपला हातात घेऊन. टोकाला त्या म्हातारीच्या बांध्या होत्या. कापायलाही कोणी हात लावला नव्हता, पांढरा झालेला धान तसाच उभा, त्यात गाई सोडल्या होत्या. तुम्ही खाली उतरलात आणि मला म्हणालात, "ये." मी आले नाही. साडी खराब होईल म्हणाले. तुम्ही तिथंच उभे राहून वर माझ्याकडं पाहिलंत आणि आपण परत आलो. त्या दिवशी मी खाली उतरले असते तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं का, हे मला ठाऊक नाही. पण आठवण निघाली की मला चर्चच्या आधी ती पाळ दिसते.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही मे-जूनचे सगळे रविवार आलात. एकही चुकवला नाहीत. उन्हात, पॅसेंजरनं, मायला घेऊन. मी वहीत तुमच्यापुढं हजेरीची खूण करायची आणि प्रभुभोजनाचा रकाना मोकळा राहायचा. पहिल्या वर्षी जुन्या पास्टरसाहेबांनी सांभाळून घेतलं. दुसऱ्या वर्षी कमिटीत कुजबुज सुरू झाली. दुसऱ्या एका कुटुंबाचं नाव आम्ही आधी कमी केलं होतं, त्यांचे नातेवाईक कमिटीत होते. रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्यासमोरच हसत म्हणाले, "देखते हैं, मॅडम अपने पिताजी का नाम पढ़ती हैं कि नहीं।" मी हसले नाही. घरी आल्यावरही ते वाक्य काट्यासारखं सलत राहिलं. तुम्हाला वाचवण्याचा विचार मी केला, नाही असं नाही. मायला निरोप पाठवला की जानेवारीच्या पहिल्या रविवारी काहीही करून बाबूजींना आण, ते प्रभुभोजनाला हजर दिसले की प्रश्न मिटेल. मायनं उलट निरोप दिला, "तुले मांगतलं कोनं होतं ते शिक्रेटरीपन? पन आनतो."

यादी कमी करण्याची आपली पद्धत तुम्हाला ठाऊक होती. वार्षिक सभेआधीच्या रविवारी, म्हणजे त्याच जानेवारीच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या आधी, सेक्रेटरीनं उभं राहून नावं वाचायची. त्या वर्षी नऊ नावं होती. सातवं तुमचं. शुक्रवारी मीच माझ्या अक्षरात उतरवलं होतं. त्या सकाळी उपासनेआधी पास्टरसाहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. म्हातारे होते, थकले होते. म्हणाले, "तुम्हारे पिताजी आज आ जाएँ तो उनका नाम छोड़ देना बेटी, मैं देख लूँगा।" ही एक गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही. मायलासुद्धा नाही. मायला मी शेवटपर्यंत सांगत राहिले की नियम होता, माझ्या हातात काही नव्हतं. होतं. अगदी माझ्या हातातच होतं.

धुक्यानं पॅसेंजर उशिरा आली. उपासना अर्धी झाली तरी तुम्ही नव्हता. मग मोठी प्रार्थना सुरू झाली, सगळ्यांनी माना घातल्या, मी वही उघडली. तेव्हा मागचं दार उघडलं. माय आधी, मागं तुम्ही. अंगात तोच इस्त्रीचा पांढरा सदरा, वर खात्यानं दिलेला खाकी स्वेटर, पाय पिंडऱ्यांपर्यंत धुतलेले पण नखांत चिखल. तुम्ही चपला दाराबाहेर काढून, चवड्यांवर चालत, शेवटच्या बाकावर बसलात आणि बसल्या बसल्या डोळे मिटलेत. तुमचे ओठ हलत होते. कालव्यावर त्या दिवशी तुमच्या जागी गेटवर तुमच्या जोडीला असणारे, रानाकडच्या वाडीतले काका उभे होते, त्यांना दोनदा बजावून तुम्ही आला होतात, हे मायनं मागाहून सांगितलं. मी तुमच्या नावापुढं खूण केली. 

मग मी उभी राहिले आणि वाचायला लागले. पहिली सहा नावं वाचली. पुढच्या बाकावरचे ते रेल्वेवाले गृहस्थ माझ्याकडं बघत होते. मी मान वर केली तर मागं तुम्हीही माझ्याकडंच बघत होता, कौतुकानं, आपली मुलगी माईकवर बोलते आहे म्हणून. तुम्हाला कळलंच नव्हतं मी काय वाचते आहे. मी तुमचं नाव वाचलं. पूर्ण वाचलं, तुमच्या वडिलांच्या नावासकट, गावासकट. आवाज जरासुद्धा कापला नाही. मला त्या क्षणी, तुम्हाला सांगायला तोंड नाही, पण मला त्या क्षणी ताठ वाटलं. जेवढं पाणी दिसतं तेवढंच लिहिलं, असं मी मनात म्हटलंसुद्धा. बापालाही सोडलं नाही असं लोक म्हणतील, याचा मला आनंद झाला.

प्रभुभोजनाला बाक बाक उठून पुढं जायचं. शेवटी तुमचा बाक आला. नाव कमी झालेल्यानं घ्यायचं नसतं. तुमच्या बाकावरची माणसं उठली आणि त्यांना जायला वाट हवी म्हणून तुम्ही गुडघे बाजूला घेतलेत. मायही उठली नाही. तिचं नाव वाचलेल्यांत नव्हतं, मधे एकदा माझ्याकडं येऊन तिनं प्रभुभोजन घेतलं होतं, आताही ती घेऊ शकली असती, पण ती पदर ओढून तुमच्या शेजारी बसून राहिली. माणसं परत आली, तुम्ही पुन्हा गुडघे बाजूला घेतलेत. मी वहीत खुणा करत होते.

नंतर मी तुम्हाला घरी जेवायला चला म्हटलं. तुम्ही म्हणालात, काका एकटे आहेत, दुपारची गाडी धरतो. मी स्टेशनपर्यंत आले. बाकावर आपण तिघं बसलो, माय माझ्याकडं बघत नव्हती. मला आता रडू फुटलं होतं, स्टेशनावरच, सगळ्यांदेखत. तुम्ही म्हणालात, "कायले रडून राहिली? बराबर वाचलं तू. एकही नाव चुकलं नाई." थोड्या वेळानं, गाडीची घंटा झाल्यावर, पिशवी उचलता उचलता म्हणालात, "मले वाटलं होतं, माहं नाव आल्यावर थोडी थांबशीन." बस, एवढंच. त्यानंतर तुम्ही मे-जूनमध्येही आला नाहीत. मी बोलावलं नाही. मी घरी आले की आपण पाण्याबद्दल बोलायचो, मायच्या गुडघ्यांबद्दल बोलायचो. चर्चचं नाव कोणी काढायचं नाही. तुम्ही माझ्यावर रागावला होता असं मला कधी वाटलं नाही. ते जास्त वाईट होतं.

तुम्ही गेलात तेही ऑक्टोबरातच, धान निसवत असताना. पाळीवरून आलात, खाटेवर बसलात, पाणी मागितलंत आणि माय तांब्या घेऊन येईपर्यंत गेला होतात. शाळेत फोन आला. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती. गोंदियाचं कबरस्तान मंडळीचं, आणि यादीत नाव नसलेल्यासाठी अर्ज करावा लागतो, त्यावर सेक्रेटरीची शिफारस लागते. म्हणजे माझा अर्ज माझ्याचकडं. पास्टरसाहेब कोठल्या तरी सभेला नागपुरात होते, पण मी ते सगळं जुळवलं असतं. मी मायला तसं म्हटलं.  ती म्हणाली, "ज्याईनं नाव काढलं त्याईच्या जागेत ठेवाचं नाई. तू जाय तुया चर्चात. हे मानूस इथंच राहीन." काका उठून आपल्या लोकांशी बोलून आले. त्यांच्या वाडीमागच्या उंचवट्यावर त्यांच्या माणसांची जागा होती, दगड मांडलेले. त्यांनी कोणतीही अट न घालता तुम्हाला जागा दिली. त्यांनी आपले विधी केले नाहीत. सगळं झाल्यावर मागं सरून उभे राहिले आणि काका मला म्हणाले, "बाई, आता तुमचं जे म्हनाचं असन ते म्हना."

प्रार्थनेचं पुस्तक माझ्या हातात होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या. मी तोंड उघडलं आणि माझ्या आत काहीच नव्हतं, बाबूजी. पाठ असलेलंही आलं नाही. इतक्या वर्षांच्या इतक्या रविवारांतून माझ्यासाठी एक वाक्य उरलं नव्हतं. मी काय केलं असेल? मी माणसं मोजली. अकरा होती. माय, काका, टोकाकडच्या गावचे चारपाच, ती म्हातारीसुद्धा काठी टेकत आली होती.  मग काकांनी, ज्यांनी कधी चर्चची पायरी चढली नव्हती त्यांनी, हात जोडले, डोळे मिटले आणि म्हणायला लागले, "बापा, पानी तुयं हाय. माह्या हातून कोनाचा वाटा चुकू देऊ नको. टोकावरच्यालेबी पोचू दे. आमेन." माय आमेन म्हणाली. ती म्हातारीही काहीतरी पुटपुटली. मी गप्प होते. परत येताना काका संकोचून मला म्हणाले, "चुकलं असन तं माफ करजा. दर रविवारी गेटच्या चाकापाशी बसून बाबू हेच म्हनत. मी बिडी विझवून बाजूले बसत होतो. आयकून आयकून पाठ झालं." दर रविवारी. मी ज्या वेळी गोंदियात उघड्या डोळ्यांनी लोकांच्या माना मोजत होते त्याच वेळी.

मंडळीच्या मृत्यूच्या वहीत एक रकाना असतो, दफनाच्या वेळी प्रार्थना कोणी केली. आठवड्यानं मी तुमची नोंद केली आणि त्या रकान्यात लिहिलं, 'मुलीने'. नव्या पास्टरसाहेबांना जुन्या वह्या चाळताना नेमकं तेच सापडलं. त्यांचे डोळे भरून आले. यादीत नाव नाही, पास्टर नाही, कबरस्तान नाही, आणि मुलगी रानात उभी राहून बापासाठी एकटी प्रार्थना करते आहे. म्हणाले, "बहनजी, साक्ष म्हणजे हीच. हेच लिहा." त्यांना तो कागद त्यासाठी हवा आहे.

इथवर लिहून हे पत्र तीन दिवस तसंच पडलं होतं. आज रविवार. सकाळी चर्चला निघण्याआधी मी तो कागद पुढं ओढला. खरं काय ते लिहून टाकावं, एकदा तरी तुमचं नाव त्या मंडळीत नीट वाचलं जावं, असं मनात होतं. तुम्ही रोज कोणाचा वाटा राखत होता, रविवारी कुठं बसत होता, सगळं. सेवेच्या चार ओळी मी तशा भरल्याही. मग साक्षीचा रकाना आला. मी तुमची ती प्रार्थना लिहिली, शुद्ध मराठीत करून, आणि खाली लिहिलं की वडिलांच्या कबरेपाशी मी ही प्रार्थना केली. हात थांबेल असं मला वाटलं होतं. थांबला नाही. चर्चला गेल्या गेल्या कागद पास्टरसाहेबांच्या हाती दिला, आता तो छापायला जाईल. पास्टरसाहेबांनी उपासनेत उभं राहून तो वाचून दाखवला, आणि पुढच्या बाकांवरच्या दोन बायका नंतर येऊन माझ्या गळ्यात पडून रडल्या.

हे पत्र कुठं टाकायचं याचा प्रश्न नाही. तुमच्या दगडाशी नेऊन ठेवलं तर वाऱ्यानं उडेल आणि कोणीतरी उचलून वाचेल, म्हणून तेही करणार नाही, इथंच कपाटात राहील. काका अजून आहेत, त्याच वाडीत, आता डोळ्यांनी कमी दिसतं म्हणतात. स्मरणिकेत त्यांचा उल्लेख कुठं नाही. त्यांना वाचता येत नाही, हे मला तो रकाना भरताना आठवलं होतं.